कोपऱ्यातला ‘चा’

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या लाडक्या भाच्याचा (लाडक्या ही माझी समजूत आहे, तू खोडलीस तरी मी वाईट वाटून घेणार नाही) साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलेलं नाही, खरोखरच खुशाल आहे, मलाही त्याचं नवल वाटतंय. तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढू नका असं तुला डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे तू दिवसातून चार वेळा तरी मुद्दाम चढत असशील. शेजारणीशी धरलेला अबोला संपला का? संपला नसेल तर घाई करू नकोस. मी तेव्हा खिडकीतच उभा होतो आणि चूक शंभर टक्के तिचीच होती.

फोन न करता पत्र लिहितोय कारण मागच्या वेळी मी फोन आपटल्यावर तूच म्हणालीस की यापुढे काय सांगायचंय ते लिहून सांग, लिहिताना माणसाला ओरडता येत नाही. आत्या, येतं. बाबांना लिहिलेल्या पत्रात माझं पेन ‘तुम्ही’ या शब्दावर कागदातून आरपार गेलं होतं. पण या पत्राचा कागद बघ, उजेडात धरून बघ, एक भोक नाही. या दोन महिन्यांत मी किती निवळलोय त्याचा हा पुरावा समज आणि बाबांनाही दाखव. (दाखवू नकोस. का ते शेवटी कळेल.)

मी कॉलेज का सोडलं याच्या घरात तीन आवृत्त्या आहेत. चौथी, म्हणजे खरी, तुला सांगतो. प्राचार्यांनी भर वर्गात माझी प्रात्यक्षिकाची वही उघडली. तिच्यात बेडकाच्या आकृतीखाली मी चार ओळींची एक कविता लिहिली होती आणि ती बेडकावर नव्हती. प्राचार्यांनी ती चालीवर म्हणून दाखवली आणि वर, “बेडूक मात्र बरा काढलायस,” म्हणाले. जिच्यावर कविता होती ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. मग मी जे बोललो ते बोललो, वही फाडली आणि बाहेर पडताना दार असं ओढलं की कडी माझ्या हातात आली. ती अजून माझ्या ट्रंकेत आहे. मारामारी, कॉपी आणि ‘शिक्षण व्यवस्थेवरचा विश्वास उडाला’ या बाकीच्या तिन्ही आवृत्त्या खोट्या आहेत. (तिसरी मीच पसरवली.)

तेव्हा तू आपल्या शाळेतल्या मैत्रिणीच्या, म्हणजे डॉक्टरबाईंच्या, कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात मला चिकटवलंस. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “हे बघ, इथं येणारं प्रत्येक जनावर आधीच घाबरलेलं असतं. तुझे शब्द त्याला कळत नाहीत, तुझे खांदे कळतात. एकदा जरी तुझा आवाज चढला तर त्याच दिवशी तुला आत्याकडे परत पाठवीन, पावती घेऊन.” मी मान डोलावली. एवढ्या मोठ्या बाई खांद्यांवर काय बोलतायत असं मला वाटलं होतं. पण आत्या, खरंच कळतात गं. मी तावातावानं आत शिरलो की पाच कुत्री एकदम भुंकायची आणि मी खांदे पाडून, तिरका उभा राहून, त्यांच्या डोळ्यांत न बघता एक जांभई दिली की हळूहळू गप्प व्हायची. जांभई म्हणजे कुत्र्यांच्या भाषेत ‘माझ्याकडून काही भांडण नाही’. मांजरांची भाषा वेगळी. त्यांच्याकडे बघून दोन्ही डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे. मांजरानं तसंच उलट केलं की समजायचं, विश्वास बसला. (ही मांजराची गोष्ट नीट लक्षात ठेव, पुढे लागेल.)

दवाखाना तसा दोन खोल्यांचा. कुत्र्यांचं बाकडं खिडकीशी, मांजरांच्या पेट्या उंच फळीवर, प्रत्येक पेटीवर टॉवेल. कारण मांजराला उंच आणि झाकलेलं बरं वाटतं आणि कुत्रं दिसलं नाही की निम्मा ताप तिथंच उतरतो. कंपाउंडर इथं तीस वर्षं आहेत आणि शब्द तोंडातून निघाला की दात पडतो अशा समजुतीनं बोलतात. प्रत्येक जनावराचं एक कार्ड आणि कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात कंपाउंडरांची एक खूण. ‘शां’ म्हणजे शांत, ‘प’ म्हणजे पळतं, ‘ओ’ म्हणजे ओरबाडतं. हे मला कोणी सांगितलं नाही, मी आपला अंदाजानं शिकत गेलो. काही कार्डांवर ‘चा’ होतं. आता तूच सांग, ज्या घरात मी वाढलो त्या घरात चहाला कोणी कधी चहा म्हटलंय का? तूच सकाळपासून सात वेळा “चा टाकू का” विचारतेस. मला वाटलं, ही जुनी, मानाची गिऱ्हाइकं असणार, यांना चहा विचारायची इथली पद्धत दिसते. तेव्हा पुढे जे झालं त्यातला निम्मा दोष तुझ्याकडे येतो. मी तक्रार करत नाही, नोंद करून ठेवतो.

तर दोन आठवडे मी ‘चा’वाल्यांना चहा दिला. डॉक्टरबाईंना वाटलं कंपाउंडर सुधारले, कंपाउंडरांना वाटलं बाईंनीच सांगितलं असेल, आणि दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. मग एके दिवशी एक गॅरेजवाला आपला हवालदार नावाचा कुत्रा नखं कापायला घेऊन आला. खांद्यानं म्हशीएवढा, कोपऱ्यात ‘चा’. मी गॅरेजवाल्याला खुर्ची दिली, चहा दिला, वर बिस्किटं दिली आणि हवालदाराला मागून मिठी मारून टेबलावर चढवायला गेलो. तोंडाला जाळी वगैरे काही नाही. पुढचं मी सभ्य भाषेत असं सांगतो की माझ्या विजारीचा बसायचा भाग हवालदारानं ताब्यात घेतला.

कंपाउंडर धावत आले. “कार्डावर ‘चा’ लिहिलेलं दिसत नाही का?”

“दिसलं की! दिला ना!”

“काय दिला?”

“चा!”

तीस वर्षांत पहिल्यांदा कंपाउंडर एवढं बोलले आणि त्यावर डॉक्टरबाई स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ‘चा’ म्हणजे चावतो, आत्या. मी दोन आठवडे नेमक्या चावऱ्या जनावरांच्या मालकांचा पाहुणचार करत होतो. आपली आता पावती फाटणार असं धरून मी ट्रंक आवरायचा विचार करत होतो, तेवढ्यात बाई डोळे पुसत म्हणाल्या, “तरीच. या दोन आठवड्यांत चावणं कमी का झालं ते मला कळेना.” त्यांचं म्हणणं असं की चावऱ्या कुत्र्याचा मालक कुत्र्याहून जास्त घाबरलेला असतो. तो पट्टा आवळून धरतो, ओरडतो, आणि ते सगळं पट्ट्यातून कुत्र्यापर्यंत जातं. हातात गरम कप दिला की माणूस बसतो, फुंकर मारतो, पट्टा ढिला सुटतो. “चालू ठेव,” म्हणाल्या, “फक्त आधी जाळी, मग चहा.” अशा रीतीनं माझी घोडचूक दवाखान्याचा नियम झाली. विजारीला मागून पडद्याच्या उरलेल्या हिरव्या कापडाचं ठिगळ आहे, ते सोडलं तर सगळं छान.

आता खऱ्या विषयाकडे येतो. तू म्हणशील आतापर्यंतचा खोटा होता का. नाही, पण आतापर्यंतच्यात ती नव्हती.

ती एका सकाळी मांजराची पेटी छातीशी धरून आली. चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. चालताना पेटी एवढीही हलू देत नव्हती, जशी आत भरलेली पाण्याची परात आहे. पेटीत खाडाखोड. हे मांजरीचं नाव. पांढऱ्या अंगावर इतके काळे फराटे की कोणी लिहून लिहून रागानं गिरवलंय असं वाटावं. नाव ठेवलं तिच्या वडिलांनी आणि ते तिच्या मागोमाग आत आले. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापायच्या आधी चुका काढणारे. दोनच महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. खिशाला दोन पेनं, लाल आणि निळं, लाल पुढे. दारावरच्या ‘कुत्रे बाधूंन ठेवा’ या पाटीपाशी ते असे थबकले जसं तिथं कोणी मरून पडलंय. मी कार्ड काढलं. कोपऱ्यात ‘चा’.

मी पेटीपाशी गेलो, टॉवेल जरा उचलला आणि शिकवल्याप्रमाणे खाडाखोडीकडे बघून दोन्ही डोळे सावकाश मिटले, उघडले, मिटले. मांजर मला बघत होतं आणि पेटीमागे ती उभी होती हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिनं विचारलं, “डोळ्यांत काही गेलंय का?” तिचे वडील म्हणाले, “काही गेलेलं नाही. हा मुलगा डोळा मारतोय.” माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! पण बाईंची पावती आठवली आणि मी जमेल तितक्या हळू आवाजात म्हणालो, “डोळा नाही मारला, दोन्ही मिटले.” यानं माझी बाजू बळकट होईल असं मला का वाटलं ते ठाऊक नाही.

मी गडबडीनं त्यांच्या हातात कप दिला. ते बसले. फुंकर मारली. दुसऱ्या घोटाला त्यांची नजर कार्डावर गेली. “हे कोपऱ्यात काय आहे? चा?” आता खरं कसं सांगणार, त्यांच्या मांजरीला आम्ही चावरी म्हणतो म्हणून? मी म्हणालो, “ते... चहा. तुम्हाला चहा द्यायचा, अशी खूण आहे.” त्यांनी मान वर करून माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं की मला प्राचार्य परवडले. “चहा? मग ‘ह’ कुठंय?” लाल पेन काढलं, ‘चा’चा काना खोडला, वर बारीक अक्षरात ‘हा’ घातला, शेजारी समासात आपली खूण केली आणि कार्ड परत दिलं. आत्या, त्या दिवसापासून दवाखान्यात ते एकच कार्ड असं आहे की ज्याच्या कोपऱ्यात शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे ‘चहा’ लिहिलंय. मागाहून मी कंपाउंडरांना म्हटलं, ही मांजर तर गरीब गाय आहे, चावते कुठं? कंपाउंडरांनी दाराकडे बघून घेतलं. “मांजराचं नव्हतं ते,” म्हणाले.

पण त्या दिवशी ते चहासाठी आले नव्हते. दोन महिने खाडाखोड आपला वाळूचा ट्रे सोडून वडिलांच्या टेबलाखालच्या कागदांच्या गठ्ठ्यावर लघवी करत होती. रोज, नेमानं, त्याच गठ्ठ्यावर. त्यांच्या मते हा सरळ सरळ सूड होता. “सहा वर्षं खाऊ घातलं, त्याचे पांग फेडतेय,” ते डॉक्टरबाईंना म्हणाले, “आणखी पंधरा दिवस बघतो. नाही सुधारली तर छापखान्याच्या गोदामात सोडतो, तिथं उंदीर आहेत.” पेटीवरचा टॉवेल तिनं चार घड्या करून ठेवला, उलगडला, पुन्हा चार घड्या केल्या. घरात वाढलेलं सहा वर्षांचं मांजर गोदामात किती दिवस जगतं हे तिलाही ठाऊक होतं आणि आता मलाही ठाऊक आहे. मी मनातल्या मनात काय म्हणालो ते इथं लिहीत नाही, कागदाला भोक पडेल.

बाईंनी तपासण्या केल्या. खडा नाही, जंतू नाही, काही नाही. “मांजर ठणठणीत आहे,” म्हणाल्या, “म्हणजे दुखणं मांजरात नाही, घरात आहे. कोणी तरी जाऊन बघायला हवं.” कंपाउंडरांना जमिनीवर बसता येत नाही म्हणून मला पाठवलं. (नसतं पाठवलं तरी मी गेलो असतो.) निघताना बाईंनी नुसतं आपल्या खांद्याला बोट लावून दाखवलं.

मी दुपारी गेलो तेव्हा ती दुकानात होती, घरी वडील एकटे. गॅलरीला लागून एक कोपरा, तिथं मोठं लाकडी टेबल. छापखान्यानं निरोपाला दिलेलं, त्यांचंच अडतीस वर्षांचं. अजूनही ते रोजच्या वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनानं काढतात आणि संपादकांना पाठवतात. उत्तर येत नाही. संध्याकाळी ती वाचते आणि ते खुणा करतात. छापखान्यात असंच चालायचं म्हणे, एकानं मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं कागदावर डोळा ठेवायचा. (नंतर मी ते जिन्यातून ऐकलं. “पाणीपुरवठा सुरळीत होईल स्वल्पविराम असे अधिकारी म्हणाले पूर्णविराम.” आत्या, पूर्णविराम हा शब्द इतका गोड असतो हे मला कुठल्याच वर्गात कोणी शिकवलं नाही.)

वडिलांनी आधी माझीच तपासणी घेतली. काय शिकलास? कॉलेज सोडलं. का? दारामुळे. ‘आशीर्वाद’ लिहून दाखव. मी लिहिला. त्यांनी श्वास सोडला. “अर्धवट,” म्हणाले, “अर्धवट शिकलेला नव्हे, नुसताच अर्धवट. आणि हा माझ्या मांजराला शहाणं करणार!” माझे कान तापले, मुठी वळल्या, आणि काही सुचेना म्हणून मी ते केलं जे मी भुंकणाऱ्या कुत्र्यांपुढे करतो. तिरका झालो, खांदे पाडले आणि भली मोठी जांभई दिली. “माझ्या बोलण्यावर जांभया देतोस?” ते कडाडले. मी आणखी एक दिली. तिसरीला ते, “तुमची ही आजकालची पिढ...” एवढं म्हणाले आणि त्यांचाच जबडा उघडला. जांभई चांगली मिनिटभर चालली. ती संपल्यावर आपण कशावरून चिडलो होतो ते त्यांना आठवेना. ते खाली बसले. मला चहा कुणी देईना, पण भांडण मिटलं.

मग मी पालथा झोपलो. हे बाईंचं शिकवणं. मांजराचं घर बघायचं तर मांजराच्या उंचीवरून बघायचं. फरशीला हनुवटी लावून पडलो. (हिरवं ठिगळ आकाशाकडे. इलाज नव्हता.) वाळूचा ट्रे न्हाणीघरात होता, कपडे धुण्याच्या यंत्राला खेटून. खाडाखोड कपाटामागून निघाली, दबकत ट्रेपर्यंत गेली, एक पाय वाळूत टाकला आणि नेमकं यंत्रानं कपडे पिळायला घेतले. माझ्या दातांपर्यंत हादरा आला. मांजर तीरासारखं सुटलं ते थेट टेबलाखाली, गठ्ठ्यावर. मी सरपटत मागे गेलो. गठ्ठा बाजूला सारला आणि बघतो तर टेबलाखालच्या फरशीवर एक फिकट चौकोन. बरोबर ट्रेच्या मापाचा.

मी वडिलांना म्हटलं, जरा खाली या. उभ्यानं दिसणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा सावरला, खिशातली दोन्ही पेनं काढून टेबलावर ठेवली आणि एकेक गुडघा टेकत माझ्या शेजारी पालथे पडले. त्या चौकोनाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. सहा वर्षं ट्रे तिथंच होता. टेबल आलं तेव्हा त्यांनीच तो न्हाणीघरात हलवला होता. “म्हणजे,” ते म्हणाले, “मी तिच्या जागेवर बसलोय.” मी काही बोललो नाही. आत्या, जन्मात पहिल्यांदा मी योग्य वेळी काही बोललो नाही. तेवढ्यात दार उघडलं आणि ती आत आली. टेबलाखाली तिचे वडील आणि दवाखान्यातला डोळे मिटणारा मुलगा शेजारी शेजारी पालथे, आणि टेबलावर कागदांच्या मधोमध खाडाखोड बसलेली, पंजे जुळवून, संपादकासारखी. तिनं पर्स खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, “मी पण झोपू का?”

मग टेबल दोन हात सरकलं, ट्रे आपल्या चौकोनावर गेला, यंत्र चालू करताना न्हाणीघराचं दार लावायचं ठरलं. फिनेल बंद (मांजरांना ते विषासारखं, तुझ्याकडे मांजरं येतात तिथंही ओतू नकोस), जुना वास साबणानं आणि खायच्या सोड्यानं काढला. मी एक दिवसाआड जाऊन बघत होतो. गरज दोनदाच होती. मधल्या काळात तिच्या दुकानात डोळेही तपासून घेतले. ती समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते. सगळी बरोबर वाचली असती तर दोन मिनिटांत उठावं लागलं असतं, म्हणून मी चुकीची वाचली. परिणामी मला चष्मा लागला आहे. घातला की डोकं दुखतं.

चौदा दिवस गठ्ठा कोरडा. पंधराव्या दिवशी तिघं दवाखान्यात आली. वडिलांनी न विचारता खुर्ची घेतली, चहा घेतला आणि बाईंच्या टेबलावरचं कार्ड ओढलं. कार्डावरचं खाडाखोडीचं नाव मागच्या खेपेला रागाच्या भरात त्यांनीच एका लाल रेघेनं खोडलं होतं. आता त्यांनी त्या खोडलेल्या नावाखाली एकेक करून टिंबं दिली. मी कंपाउंडरांकडे बघितलं, कंपाउंडरांनी छताकडे. तेव्हा ती म्हणाली, “खोडलेला शब्द राहू द्यायचा असला की खाली टिंबं देतात.” पेटी तिच्या मांडीवर. मी वाकून खाडाखोडीकडे बघत दोन्ही डोळे सावकाश मिटले. मांजरीनं मिटले. मी मान वर केली. आणि आत्या, मांजरीच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत तिनं दोन्ही डोळे सावकाश मिटले आणि सावकाश उघडले.

आणखी काय लिहू? थोरांना नमस्कार, लहान कोणी असतील तर त्यांना कडीला हात लावू नका म्हणावं.

तुझाच,
चहावाला (चष्मा लागलेला)

ता. क. पत्र संपवून दवाखान्यात गेलो तर कंपाउंडर म्हणाले, “गावात डोळे आलेत.” चष्म्याच्या दुकानात तर म्हणे दिवसभर लाल डोळ्यांचीच माणसं येतात. म्हणजे ती त्या दिवशी... आत्या, तिचे डोळे आले असतील. चुरचुरलं की माणूस तसंच मिटतो, मी आरशात करून बघितलं. वर जे काही लिहिलं आहे त्यातला शेवटचा भाग वाचला नाहीस असं समज. माझेही डोळे आले असते तर तेवढंच आमच्यात समान काही तरी झालं असतं, पण माझे स्वच्छ आहेत, नशीबच फुटकं.

दुसरा ता. क. मुख्य काम राहिलंच, ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं. बाई म्हणतात जनावरांच्या औषधोपचाराचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मी करावा, रोज सकाळी वर्ग आणि दुपारी दवाखाना. त्याला कॉलेज सोडल्याचा दाखला लागतो आणि प्राचार्य तो माफीशिवाय देणार नाहीत. मी माफीचं पत्र लिहिलंय. (हो, मीच. चक्कर आली असेल तर बस.) ते पत्र आणि कडी तू स्वतः नेऊन द्यावीस आणि दाखला हाती पडेपर्यंत तिथून उठू नयेस. तुझ्यासमोर खुर्चीत टिकेल असा प्राचार्य अजून जन्मायचा आहे. बाबांना यातलं काही कळवू नकोस. आधी दाखला, मग बाबा. आधी जाळी, मग चहा.

तिसरा ता. क. माफीचं पत्र उद्या तिच्या वडिलांकडून तपासून घेणार आहे, ‘आशीर्वाद’ त्यातही आलाय. तुझं पत्र आणि ते पत्र दवाखान्याच्या एकसारख्या पिवळ्या पाकिटांत घालून शेजारी शेजारी ठेवलंय. पत्ते सावकाश घालीन. काळजी करू नकोस, मी हल्ली घाई करत नाही.

(येथून पुढे लाल शाईने)

सप्रेम नमस्कार. आपला परिचय नाही. आपल्या भाच्याने ‘प्राचार्यांचे पत्र’ म्हणून हे पाकीट तपासण्यासाठी माझ्या हाती दिले व तो पळाला. पद्धतीप्रमाणे कन्येने मोठ्याने वाचले व मी खुणा केल्या. आपला पत्ता तिनेच त्याच्याकडून काढून घेतला. कशासाठी, हे त्याने विचारले नाही. दुसरे पाकीट माझ्याकडे आलेले नाही, तरी प्राचार्यांना ‘आशीर्वाद’ कसा पोचतो याची जबाबदारी मी घेत नाही.

एकूण चुका एकेचाळीस. सर्व दुरुस्त करून हा मजकूर आपणांकडे धाडीत आहे. कार्डावरील खुणेविषयी कंपाउंडर जे म्हणाले, तेथे दुरुस्ती केलेली नाही. मजकूर बरोबर आहे. चष्म्याची त्यास गरज नाही. अक्षरे मुद्दाम चुकीची वाचली हे कन्येस तेव्हाच कळले होते. काच साधी बसवली आहे. डोके दुखते ते मनाने.

तथ्याची चूक एकच, पहिल्या ता. क.मध्ये. ती खोडली आहे. आमच्या घरात कोणाचेही डोळे आलेले नाहीत.

दाखला घेऊन आपण स्वतः यावे ही विनंती. जिना आहे, पण सावकाश चढावे. वर चहा मिळेल. शेवटी एक निरीक्षण, निव्वळ व्यवसायाच्या सवयीने नोंदवतो: कन्या अडखळत वाचणारी नाही, मात्र हे पत्र वाचताना ती तीन ठिकाणी थांबली. मी मुद्दाम परत तपासले. तेथे एकही विरामचिन्ह नव्हते.